नाकाची साक्ष

ग्लासात नाक घातलं आणि बाप बाहेर आला.

भागवतनं मान मागे घेतली, ग्लास टेबलावर ठेवला आणि उगाच खिडकीबाहेर पाहिलं. रविवारची दुपार. खाली जालन्यातल्या मस्तगडच्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेली एकात एक घालत होतं आणि दर पातेल्यागणिक तीच ती शिवी हासडत होतं. टेबलावर मोबाइल आडवा टेकवून ठेवलेला. समोर बाटली, तोंडाशी निमुळता होत गेलेला ग्लास, वाटीत साधं पाणी, पोरांना औषध पाजायचा ड्रॉपर आणि थुंकायला स्टीलचा डबा. सगळं दर रविवारसारखंच होतं. बाप मात्र दर रविवारी येत नसे. रायभानला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गेला तेव्हा त्याच्या तोंडाला दवाखान्याशिवाय कसलाच वास उरलेला नव्हता. मग हा जिवंत, उन्हातून चालत आलेला बाप या बाटलीत कोणी भरला? भागवतनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. आवाज कापरा झाला असता, आणि त्याच्या चॅनलवर आवाजाशिवाय होतं काय?

चेहरा तो कधीच दाखवायचा नाही. नुसते हात, ग्लास आणि बोलणं. दारू चाखून मराठीत तिच्याबद्दल बोलणारा माणूस ही लातूर-बीडपासून दुबईपर्यंतच्या लोकांना मोठी मौजेची गोष्ट वाटे. 'दादा, काय नाक आहे!' असं ते खाली लिहीत. आजची बाटली कास्क स्ट्रेंथ होती. आपल्याच देशातल्या जवाची, आपल्याच उन्हाळ्यात लाकडी पिंपात मुरलेली सिंगल माल्ट. पिंपातून काढली तशी, पाण्याचा थेंब न घालता भरलेली. साध्या व्हिस्कीच्या दीडपट जोर. एका मित्रानं ती गोव्याहून कपड्यात गुंडाळून आणली होती. अशा दारूत नाक थेट बुडवायचं नसतं. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, ओठ जरा उघडे ठेवायचे, वासाला आपल्याकडे येऊ द्यायचं. घाई केली की वाफ नाकाची आतली कातडी भाजून काढते आणि मग दिवसभर माणूस ठार बहिरा होतो, नाकानं. हे तो लोकांना इतक्या वेळा सांगत आला होता की झोपेतही सांगितलं असतं. आणि तरी त्यानं ग्लास उचलला आणि नवशिका घालतो तसं नाक पुन्हा खोल घातलं, कारण बाप परत आत जायच्या आधी त्याला नीट बघून घ्यायचं होतं.

लवंग. पण डब्यातली नव्हे. दाढेखाली दाबून धरलेली, लाळेनं भिजलेली, खाली दुसरं काहीतरी झाकून ठेवणारी लवंग. राजूरच्या अलीकडे त्यांचं गाव. आजानं मेंढरं विकून जमीन घेतली होती, आणि रायभान त्या जमिनीत कमी, राजूरच्या बाजारात जास्त दिसायचा. दिवस मावळता मावळता तो घरी येई. आई, आसराबाई, चुलीपुढं भाकरी थापत असे. ती मान वर न करता म्हणे, "भागवत, जा, बापाजवळ बसून ये." वास घे असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती. तो जाऊन बापाच्या मांडीवर बसायचा. बाप त्याला जवळ ओढायचा, गालाला गाल लावायचा, दाढी टोचायची, आणि पोरगं हळूच श्वास आत घ्यायचं. कधी लवंग, कधी वेलदोडा. कधी चघळून चोथा झालेली पेरूची पानं. कधी कच्चा कांदा, बडीशेप, मोसंबीची साल. त्यांच्याखाली ती. मग चुलीपाशी परत यायचं. आई भाकरी उलटताना विचारायची, "येतो?"

येतो म्हटलं की आई चुलीपासूनच काहीतरी बोलायची आणि बाप उठायचा. पुढचं सगळं भागवतला आवाजांनीच आठवतं, कारण डोळे तो गच्च मिटून घेई. न्हाई येत म्हटलं की आई ताट वाढायची, बाप जेवून आडवा व्हायचा आणि पाळण्यातली धाकटी बेबीनंदा न दचकता झोपायची. वास दोन्ही दिवशी तोच, बापही तोच. रात्र बदलायची ती त्याच्या एका शब्दानं. हे कळायला पोराला फार दिवस लागले नाहीत. मोठेपणी व्हिस्कीबद्दल बोलायला लागल्यावर त्याला शब्द हुडकावे लागले नाहीत ते यामुळं. दुसरे लोक परदेशी फळांची आणि फुलांची नावं घेत चाचपडायचे, आणि हा एका दमात सांगायचा: आधी वेलदोडा, मागून मोसंबीची साल, तळाशी पेरूच्या पानाचा तुरटपणा. लोकांना वाटे केवढी ही रसिकता. दारूत जे जे सुवासिक म्हणून तो लोकांना दाखवत होता ते ते सगळं एके काळी दारू लपवायला तोंडात ठेवलेलं होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, सुरेखालाही नाही.

त्याला त्या ग्लासाचा राग आला, आणि रागारागानं त्यानं घोट घेतला. तो कधी गिळायचा नाही. तोंडात फिरवायचा आणि डब्यात थुंकायचा. घरातल्या देवाला आणि सुरेखाला त्यानं तेवढा शब्द दिला होता. आज गिळला. जीभ चटकली, घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. मग आग बसली आणि त्या जागी आधी गूळ आला, मग जळकं लाकूड, मग जव. जवाचं त्याला फार कळे. आठवडाभर तो जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचा. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे आणि किती जागे झाले ते बघायचं. माल्ट करणारेही हेच करतात. दाणा भिजवायचा, त्याला उगवायला लावायचं, इवलासा पांढरा कोंब बाहेर आला की भट्टीवर धरून मारायचं. जागं केल्याशिवाय त्यातली गोडी सुटत नाही आणि मारल्याशिवाय ती हाती लागत नाही. एका व्हिडिओत हे त्यानं फार छान सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली होती. आता तोंडात गूळ विरत होता आणि त्याला तो कोंब दिसत होता. त्याला वाईट वाटलं. कशाबद्दल, ते नीट ठरवता येईना. मागून लवंग आली आणि जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसली. अशी रेंगाळणारी चव म्हणजे चांगल्या दारूची खूण.

तेवढ्यात फोन वाजला. बेबीनंदा.

"दादा, कुठं हायेस?"

"घरीच. काय झालं?"

"हे आलेत. रामप्रसाद काका बी आलेत संगं. चतुर्थी हाय ना, राजूरला गणपतीचं दर्शन केलं आन् तसेच इकडं आले. बैठक आजच करायची म्हणून राह्यले."

"दिवाळीनंतर ठरली व्हती ना?"

"व्हती. आता आजच म्हणतेत. तू ये जल्दी. तू वास घे. तुझं ऐकतील."

"अगं, पण आज..."

"तूच घे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बेबीनंदा त्याची धाकटी बहीण. आष्टीला दिलेली. नवरा मच्छिंद्र कामाला वाघ. पण प्याला की घरात वेगळाच माणूस शिरायचा. होळीच्या सुमाराला ती पोरीला, छकुलीला, काखेत घेऊन माहेरी आली तेव्हा तिचं उजवं मनगट प्लास्टरात होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. मग दोन्हीकडची माणसं बसली. मच्छिंद्रनं देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली, यापुढं दारूला शिवणार नाही म्हणून. आणि बोली ठरली. दिवाळीपर्यंत तो कोरडा राहिला तर बेबीनंदानं गुमान नांदायला जायचं, मागचं काढायचं नाही. एकदा जरी प्यालेला सापडला तर छकुली आईजवळ, आष्टीचं राहतं घर बेबीनंदाच्या नावावर, आणि तिला परत बोलवायचं कुणी नाव काढायचं नाही. दोन्हीकडच्यांनी भंडाऱ्याला हात लावला. प्यालाय की नाही हे ठरवायचं कुणी, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मच्छिंद्रचा चुलता रामप्रसाद हसून म्हणाला होता, "आपल्या पाव्हण्याचं नाक हाय की! ते तर वास घेऊन दारूचं गाव सांगतेत." सगळे हसले. भागवतही हसला होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं होतं. दारूवर बोलतो म्हणून जे भावकीवाले मागं नाकं मुरडायचे त्यांनीच त्याला पंच केलं होतं.

सुरेखा आतून पदरानं वारा घेत आली. "अहो, फोडणी जळून कोळसा झाली. शेजारची ठसकायला लागली. तुम्हाला वाससुद्धा न्हाई आला?"

भागवतनं तिच्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात धूर लोंबत होता. डोळ्यांना दिसत होता. नाकाला नव्हता. तो उठून आत गेला आणि हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. मोसंबी सोलली, साल बोटांत चुरगळली. काही नाही. तोंडातली ती लवंग तेवढी होती, आणि नाकात कोरडी, भाजल्यासारखी आग. एकाएकी त्याला भीती वाटली. नाक उद्यापर्यंत उघडेल हे त्याला ठाऊक होतं; भीती त्याची नव्हती.

"गावी बेबीची बैठक हाय. आत्ताच," तो म्हणाला.

"मंग फोन करून सांगा, आज जमत न्हाई."

"का जमत न्हाई म्हणून सांगू? हुंगून हुंगून नाक बसलं म्हणून?"

"खरं काय ते सांगायचं."

"दारू प्यालो म्हणून सांगू? दारूड्याचा निवाडा करायला मलाच बसवलंय त्यांनी."

सुरेखानं टेबलाकडे पाहिलं. डबा कोरडा होता. "आन् गाडी चालवणार तुम्ही?" एवढंच म्हणाली.

"घोटभर तर घेतली."

"घोटभरच घेतेत सगळे," ती म्हणाली आणि करपलेलं पातेलं नळाखाली धरलं.

भोकरदनच्या रस्त्याला चतुर्थीची माणसं होती. दर्शन करून परतणारी, उपाशी, कपाळाला शेंदूर लावलेली, पोरं खांद्यावर घेतलेली. भागवत मोटारसायकल हळू हाकत होता. हेल्मेटची काच खाली होती आणि त्याचा स्वतःचा श्वास काचेवर आपटून परत त्याच्याच तोंडावर येत होता. वास येत नव्हता. पण ऊब येत होती, ओलसर, ओळखीची, गालाला गाल लावल्यावर यायची तशी. काच वर केली तर डोळ्यांत धूळ. त्यानं काच खालीच ठेवली आणि बापाला घेऊन चालवत राहिला. मनात तो हिशोब मांडत होता. कदाचित मच्छिंद्र खरंच कोरडा असेल. भंडारा उचललेला माणूस देवाला भीत असेलच की. चतुर्थीच्या उपासाला, चुलत्याला संगं घेऊन, देवळातून निघून कुणी पिईल? पीत नसेल. पण मग दिवाळीपर्यंत दम का निघेना यांना? तर त्याचंही कारण होतं. पोरीची शाळा, कापसाची वेचणी, बाईमाणसाशिवाय घर. कुठल्याही गोष्टीला कारण सापडत होतं. हे त्याला बरं लक्षण वाटलं नाही. आणि एक साधी गोष्ट तर त्यानं अजून विचारातच घेतली नव्हती. मच्छिंद्रचा वास घ्यायला जवळ जायचं म्हणजे आपला वास मच्छिंद्रला द्यायचा.

गावाच्या फाट्यावर त्यानं टपरीपाशी गाडी उभी केली. हेल्मेट काढून तो काही मागणार तोच टपरीवाल्यानं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि बरणीला हात घातला. "लवंग-इलायची दिऊ का?" त्यानं विचारलं, अगदी साळसूदपणानं, जसं रोजचंच गिऱ्हाईक होतं. भागवतचे कान तापले. त्यानं दोन लवंगा घेतल्या, एक दाढेखाली धरली, चावली. जीभ बधिर झाली. बापही इथंच थांबत असेल. टपरी नव्हती तेव्हा, पण फाटा होता. या जागेवर उभं राहून रायभान घराकडं बघत असेल आणि ठरवत असेल की आता तोंड झाकलं, आता जायला हरकत नाही. भागवतला त्या माणसाची प्रथमच दया आली, आणि ती आल्याबरोबर स्वतःची किळसही आली. दुसरी लवंग त्यानं तोंडात टाकली.

अंगणात लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. रामप्रसाद काका टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले, शेजारी आष्टीचेच आणखी दोघं, गावातले भावकीतले तिघं-चौघं. आसराबाई उंबऱ्यावर सुपात ज्वारी निवडत होती; बैठक असो की मौत, तिच्या हाताला सूप लागायचं. दारात बेबीनंदा उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. छकुली तिच्या मागून डोकावत होती. मच्छिंद्र उठला. चांगला दिसत होता. केस कापलेले, पांढरा सदरा, कपाळाला शेंदूर. "या भागवतराव," तो म्हणाला आणि खुर्ची पुढं केली. भागवत बसला. पाणी आलं. त्यानं तांब्या वरूनच तोंडात ओतला आणि खळखळून गिळला. रामप्रसादनं घसा साफ केला.

"कसं हाय पाव्हणे, दिवाळीचं ठरलं व्हतं हे बराबर हाय. पण पोरीची शाळा बुडून राह्यली. घरात बाईमाणूस न्हाई, वेचणीचे हाल. आन् पोरगं बिलकुल शिवलं न्हाई तव्हापासून, मी सांगतो. आता देवाच्या पायापासून उठून आलोत. तुम्ही एकदा वास घ्या आन् मोकळं करा सगळ्यायला."

"आत्ताच?" भागवत म्हणाला.

"आत्ता न्हाई तर कव्हा? आंघोळ करून, तोंड धुऊन आल्यावर घेत असतेत का वास?" काका म्हणाले, आणि चौघं हसले.

मच्छिंद्र पुढं येऊन उभा राहिला. भागवतला उठावं लागलं. दोन घरचे दोन बाप्ये, चेहऱ्यासमोर चेहरा धरून, भर अंगणात. इतक्या जवळून मच्छिंद्रला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दाढी करताना हनुवटीवर कापलेलं. डोळे लाल, पण रस्त्याला धूळ होती. हात खिशात. मच्छिंद्रनं तोंड उघडलं आणि "हाऽ" केलं, डॉक्टरपुढं करतात तसं. ऊन श्वास भागवतच्या ओठांवर आला. भागवतनं ओठ मिटून नाकानं तो आत ओढला.

लवंग.

कुणाची? त्याच्या दाढेखाली तिचा चोथा होता. तिच्याखाली ती दुपारची, जिभेच्या मुळाशी बसलेली. आणि समोरच्या तोंडात तिसरी असेल, किंवा नसेल. त्यानं डोळे मिटले. पुन्हा ओढला. आपणच लोकांना शिकवलेलं सगळं करून पाहिलं. आधी एक नाकपुडी, मग दुसरी, मधे मान वळवून स्वतःच्या बाहीचा वास, म्हणजे नाक ताजं होतं. बाहीलाही लवंग. सगळं अंगण, लिंब, माणसं, एकाच वासाची झाली होती. मच्छिंद्रनं पुन्हा "हाऽ" केलं, न सांगता. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, गुर्मीही नव्हती. नुसता थकवा होता, आणि भागवतला वाटलं, हा माणूस मला ओळखतो. त्यानं दाराकडं पाहिलं. बेबीनंदा त्याच्याकडे बघत होती. तिचं वाकडं मनगट चौकटीला टेकलेलं. काय हवंय तिला? घरी जायचंय? राहायचंय? तिच्या तोंडावरून काही कळेना. त्याच्यापाशी तीन वाक्यं होती. येतो. येत नाही. मला आज कळत नाही. यातलं तिसरंच तेवढं खरं होतं, आणि ते म्हणायला फार काही लागलं नसतं. का कळत नाही, असं काका विचारतील. मग सांगावं लागेल. मग उद्यापासून दारूवर बोलणारं ते नाक नुसतं एका दारूड्याचं नाक होईल. बोलायचं, असं त्यानं ठरवलं. खरंच ठरवलं. तोंडात शब्द जुळवत होता.

उंबऱ्यावर सुपाचा आवाज थांबला. आसराबाईनं मान वर न करता विचारलं, "येतो?"

"न्हाई येत," भागवत म्हणाला.

इतक्या चटकन, इतक्या बारीक आवाजात, की ते आपणच बोललो हे त्याला मागून कळलं. आसराबाईचं सूप पुन्हा चालू झालं. रामप्रसाद काकांनी मोठा श्वास सोडला आणि टोपी डोक्यावर ठेवली. "झालं तर मंग," ते म्हणाले. कुणीतरी पेढ्यांचा पुडा उघडला. मच्छिंद्रनं खिशातून हात काढून भागवतचा हात धरला आणि धरूनच ठेवला. हात थंडगार होता. त्याचा की आपला, हे भागवतला समजेना. बेबीनंदा दारातून नाहीशी झाली होती.

ती आतल्या खोलीत होती. खाली बसून छकुलीचे झगे पिशवीत भरत होती, एका हातानं, कारण दुसऱ्याला घडी घालता येत नसे. भागवत दारात उभा राहिला.

"बेबे," तो म्हणाला.

ती उठली. जवळ आली. त्याच्या खांद्यावरची धूळ झटकावी तसा चांगला हात तिनं त्याच्या खांद्यावर ठेवला, टाचा उंचावल्या आणि तोंड त्याच्या तोंडापाशी आणलं. एक श्वास. मग ती खाली झाली.

"लवंग खाऊन आलास तू," ती म्हणाली.

त्यानं तोंड बाजूला वळवलं.

"मला ते जीपातून उतरले तव्हाच वास आल्ता. सांगितलं मी सगळ्यायला. काका म्हणले, बायकायला तर येतच असतो वास, पेलेला आसो का नसो. पाव्हण्याला बोलवा, त्ये सांगतील."

"मंग फोनवर मला का न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू माझं ऐकून बोलला असतास. मंग ते बी माझंच झालं असतं. मला तुझं पाहिजे व्हतं." तिनं पिशवीची बंदं ओढली. आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती. "आता काय, दादा. उद्या त्यानं हात मोडला काय आन् पाय मोडला काय. मी म्हणीन पेलाय, आन् सगळे म्हणतील, सख्ख्या भावानं तोंड हुंगून सांगितलं व्हतं, हीच खोटारडी हाय."

"मी सांगतो त्यांना. आत्ताच सांगतो."

"सांग," बेबीनंदा म्हणाली आणि छकुलीचं बोट धरून त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

तो तिच्या मागून अंगणात आला. जीप वळवून उभी होती. मच्छिंद्र पुढं बसला होता. बेबीनंदानं पोरीला मागं चढवलं, स्वतः चढली, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत बसली. आसराबाई सुपासकट दाराशी येऊन थांबली. रामप्रसाद काका तेवढे अजून खाली होते. निरोप घ्यायला ते भागवतपाशी आले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून अगदी जवळ उभे राहिले; म्हाताऱ्याचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर.

"उपकार झाले पाव्हणे. तुमचा शब्द म्हणजे शब्द." त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काही म्हणायचं राह्यलं का?"

भागवतनं श्वास रोखून धरला. बोलायचं तर आधी तोंड उघडावं लागणार होतं. जीपमधून बेबीनंदानं मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, नाही म्हणून.

काका जीपमध्ये चढले. जीप निघाली.